भरड्यातलं औषध

यावलजवळ आमची २२ डुकरं. गेल्या महिन्यात फेनबेंडाझोल या जंतांच्या औषधाची पावडर मक्याच्या भरड्यात कालवून घातली, तर दोन-तीन दिवसांत वाड्यात वीतवीतभर पांढरे जंत पडले. बायको म्हणाली, "अहो, शेवयाच जणू!" त्या दिवशी मी जेवलो नाही.

हे औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यामुळे रक्तात थोडंच जातं, बरंचसं विष्ठेवाटे बाहेर. जंतही आतड्यातच, मग बिघडलं कुठे? म्हणून तर ते एकदम न देता काही दिवस थोडं थोडं द्यायचं, जंतांशी गाठ जास्त वेळ राहते. रक्तात जाणाऱ्याचं यकृतात ऑक्सफेनडाझोल होतं, तेही कामाचं.

खरजेचं गणित निराळं. तिच्यावरचं औषध आयव्हरमेक्टिन चरबीत विरघळतं, रक्तातून कातडीपर्यंत पोचतं. खाद्यातून रोज किलो वजनामागे १०० मायक्रोग्रॅम, ७ दिवस; सुईने ३०० एकदाच.

पण खाद्यच पोटात गेलं नाही तर? आमची लंगडी मादी दांडगटांच्या रेट्यात मागेच राहायची. तिचे जंत काही पडले नाहीत. आता तिचं घमेलं वेगळं, आणि ती चाटूनपुसून खाईपर्यंत मी तिथेच उकिडवा बसतो.