दिग्रसची हिमालयन मोम्बासाच्या बंदरातून सुटली

राजेहो, माझी हिमालयन मोटरसायकल हाती आली. कार्नेवर, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कस्टमच्या पुस्तिकेवर, केनियाचा शिक्का पडला, बॅटरीच्या तारा जोडल्या, टाकीत पेट्रोल टाकलं आणि इंजिन लगेच लागलं. यवतमाळ जिल्ह्यातून मोटरसायकल समुद्रापार न्यायची तर सुरुवात कुठून करायची, असं बरेच जण विचारत होते. माझं उत्तर एकच : पेटीपासून.

एकट्या गाडीने कंटेनर भरत नाही. ती इतरांच्या मालासोबत जाते आणि तिचं भाडं घनमीटरवर लागतं. हिमालयन ४११ आहे तशी २१९० मिलिमीटर लांब, ८४० रुंद, १३६० उंच. उभीच्या उभी बंद केली तर २२० × ९० × १४० सेंटिमीटरची पेटी, म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या वर. पुढचं चाक, हँडल, आरसे, काच, क्रॅशगार्ड काढून आमची पेटी २०० × ७५ × ११५ मध्ये बसली : १.७३ घनमीटर. गाडी तीच, भाड्यातून एक अख्खा घनमीटर कमी. विमानाने पाठवणाऱ्यांनी सेंटिमीटरमधली तिन्ही मापं गुणून ६००० ने भागावं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर भाडं त्या आकड्याचं लागतं. आमच्या पेटीला तो २८७ किलो येतो, मोठ्या पेटीला ४६२.

आता लाकूड. आपल्याकडे सागवान उत्तम मिळतं, पण साध्या फळ्यांची पेटी परदेशात चालत नाही. आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग ३० मिनिटं पोचावी लागते, नाहीतर धुरी द्यावी लागते, आणि वर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का लागतो. प्लायवूडला आणि लोखंडाला हा नियम नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या आमच्या वेल्डरकडे गेलो. अँगलची चौकट, बाजूंना प्लाय, सगळं नटबोल्टवर. माणूस सुताच्या मापाने काम करणारा. "दादा, ते आरसे न् हँडल काढू द्या, आखीन चार इंच कमी होते," हे त्यानेच सुचवलं. फोर्कसाठी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांसाठी, तळाला त्याने ब्रॅकेट वेल्ड केलं, पुढचा अॅक्सल त्यातून घातला आणि गाडी पट्ट्यांनी चारही बाजूंनी ताणली. इतकं नेटकं काम मोठ्या शहरातही सहज होत नाही.

पेटीत घालण्याआधी टाकी रिकामी केली, बॅटरीच्या तारा सोडवून टोकं टेपने झाकली. जहाजवाल्यांच्या लेखी मोटरसायकल हा धोकादायक माल आहे : धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३१६६ क्रमांक, वर्ग ९. बॅश प्लेटमागची (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यामागची) काळी माती पाण्याच्या प्रेशरने काढली. ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्यांनी तर यात कणभरही कसर ठेवू नये. तिथे माती सापडली की धुण्याचा खर्च मालकावर.

दिग्रसहून पेटी पिकअपमध्ये कारंज्यापर्यंत नेली आणि तिथून समृद्धीने न्हावा शेवाकडे. समृद्धीवर दुचाकी चालवायला बंदी आहे, पेटीतून माल म्हणून नेता येते.

कार्ने मुंबईला चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून घेतलं. गाडी परत नेईन याची ती हमी. त्यापोटी बँक गॅरंटी द्यावी लागते. तालुक्याच्या शाखेत अशी गॅरंटी आधी कोणी मागितली नव्हती, म्हणून वेळ हातात ठेवून जा. कार्ने जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. प्रत्येक पानाचे तीन भाग : गाडी आत येताना एक भाग कस्टम काढून घेतं, बाहेर जाताना दुसरा, आणि तिसऱ्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के राहतात. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर तो देश गाडीची ड्युटी मागू शकतो आणि ती आपल्या गॅरंटीतून जाते.

आरसी, कार्ने, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), सगळीकडे चासी नंबर अक्षरन् अक्षर सारखा हवा. सतरा अक्षरांच्या त्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू नसतातच. कागदावर ओ दिसला तर तो शून्य आहे. घरीच दुरुस्त करून घ्या. मोम्बासाला अधिकाऱ्याने नेमका तोच नंबर वाचायला मागितला. हिमालयनचा नंबर हँडलच्या मानेवर असतो. त्या बाजूची फळी चार बोल्टची ठेवली होती; पाना लावला, फळी काढली, त्याने टॉर्च मारून जुळवलं आणि सही केली. खिळ्यांची पेटी असती तर तिथे ती फोडावीच लागली असती.

एक सांगून ठेवतो : मुंबईतून मिळणाऱ्या भाड्याच्या कोटेशनमध्ये पलीकडचा खर्च धरलेला नसतो. डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याची चिठ्ठी), कंटेनरमधून माल काढणं, गोदाम, तिथल्या एजंटची फी. प्रत्येक बाब आधी लेखी मागवा. आमच्या यादीत नसलेली एक फी ऐनवेळी निघाली, ती आधीच्या मेलमुळेच रद्द झाली.

विम्यासाठी कोमेसाचं, म्हणजे आफ्रिकी देशांच्या व्यापारी गटाचं, यलो कार्ड घेतलंय. पुढे नामांगाच्या सीमा नाक्यावरून टांझानिया. तिथे दोन्ही देशांचे टेबल एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे केनियाचा बाहेर जायचा शिक्का आधी घेतल्याशिवाय टांझानियाच्या खिडकीकडे वळणार नाही. पेटीची चौकट उघडून एजंटच्या गोदामात ठेवलीय, नटबोल्ट एका डब्यात. परतीला तीच वापरायची आहे.