वाइन न पिणाऱ्या घरातला कॉर्कस्क्रू

नऊएक वर्षांपूर्वी मामा-मामी युरोप टूर करून आले. ज्यांच्या घरातलं कोणी ग्रुप टूरने युरोपला जाऊन आलंय त्यांना माहितीये परत येताना काय काय येतं ते. चॉकलेटं, फ्रीजला लावायचं गायीचं मॅग्नेट आणि बर्फात साडीवर स्वेटर घालून काढलेले दोनशे फोटो. मी भेटायला जाईपर्यंत चॉकलेटं संपली होती, म्हणून मामाने मला चाकू दिला. लाल रंगाचा, वर पांढरा क्रॉस, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा हंट्समन, ज्यात पात्याबरोबर कात्री, करवत, चिमटा असं बरंच काही मिटून बसतं. मामी लगेच म्हणाली, "अगं धारेची वस्तू अशी फुकट देऊ नये, भांडणं होतात," आणि माझ्याकडून एक रुपया घेतला. म्हणजे हिशोबाने बघितलं तर तो चाकू मी एक रुपयात विकत घेतलाय.

तेव्हापासून तो माझ्या पर्समध्ये आहे आणि खरं सांगू, त्यातली गोष्ट सगळ्यात कमी वापरली जाते ती म्हणजे चाकू. घरी सुरी आहे, विळी आहे, नऊ सेंटिमीटरच्या त्या खेळण्याने कांदा कोण कापणार. सगळ्यात जास्त वापरला जातो तो कॉर्कस्क्रू, म्हणजे वाइनच्या बाटलीचं बूच काढायचा तो वेढ्यावेढ्यांचा स्क्रू, आणि आमच्याकडे वाइन कोणी पीत नाही. सासूबाई तर एकादशीला साबुदाणासुद्धा मोजून खातात.

कॉर्कस्क्रूचा शोध मला पुतण्याच्या मुंजीत लागला. आठ वर्षांचं पोरगं, पायजम्याच्या नाडीला त्याने स्वतःच गाठ मारलेली, वर ओढून ओढून अजून घट्ट केलेली, त्यात ती ओली, आणि पोराला घाईची लागली होती. बाहेर गुरुजी हाका मारतायत, आतमध्ये तीन बायका नखं मोडून घेतायत, कोणीतरी म्हणालं कापून टाका, तर वहिनी म्हणाली दुसरी नाडी कुठून आणू आत्ता. मी पर्समधून चाकू काढला (पोरगं किंचाळलं, त्याला वाटलं असणार की आता आपलं काही खरं नाही), कॉर्कस्क्रूचं टोक गाठीच्या मधोमध घातलं, दोन वेढे फिरवलं आणि हळूच हलवत ओढलं. गाठ फुगली. मग बोटाने सुटली. नाडीचा एक धागासुद्धा तुटला नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे सुतळीची गाठ, बुटाच्या लेसची गाठ, किराणावाल्याने प्लॅस्टिकच्या पिशवीला मारलेली ती नीच गाठ, सगळं माझ्याकडे येतं.

गंमत म्हणजे मूळ चाकूत कॉर्कस्क्रू नव्हताच. स्विस सैन्याला १८९१ मध्ये जो चाकू मिळाला त्यात एक पातं, भोकं पाडायची आरी, डबा फोडायचं हत्यार आणि स्क्रू ड्रायव्हर एवढंच होतं, कारण सैनिकाला रायफल खोलायची आणि डब्यातलं जेवण खायचं, बास. कॉर्कस्क्रू आला १८९७ मध्ये, व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू काढला त्यात. म्हणजे वाइन साहेब लोकांनी प्यायची. आणि व्हिक्टोरिनॉक्स हे नाव त्यांच्या आईचं, व्हिक्टोरिया, त्याला पुढे इनॉक्स म्हणजे न गंजणारं स्टील जोडलं. आईच्या नावाचा चाकू म्हटल्यावर मला जरा जास्तच आपलासा वाटला.

कॉर्कस्क्रूच्या पोटात अजून एक छुपा माल मावतो. त्याच्या वेढ्यांमध्ये फिरवून बसेल असा इवलासा स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो, माझ्या मॉडेलमध्ये नव्हता म्हणून मी नंतर मागवला. तो चष्म्याच्या दांडीच्या स्क्रूला बरोब्बर लागतो. सासूबाईंच्या चष्म्याची दांडी दर दोन महिन्यांनी लोंबते, पूर्वी त्या सेफ्टी पिन अडकवून फिरायच्या, आता नुसतं "तुझा तो लाल अडकित्ता आण गं" म्हणतात. अडकित्ता का, तर त्यांचे वडील चंचीत अडकित्ता ठेवायचे आणि त्याने सुपारीपासून सुतळीपर्यंत सगळं कापायचे. त्यांच्या हिशोबात खिशात मावणारं आणि मिटणारं ते सगळं अडकित्ताच.

बाकी फुटकळ सांगते. कुकरच्या हँडलचा स्क्रू ढिला झाला की डबा फोडायच्या हत्याराचं टोक त्या फुलीच्या खाचेत बसतं, घट्ट होतो. कात्रीने दुधाची पिशवी कापायची, पण कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा, म्हणजे तो छोटासा तुकडा इकडेतिकडे कचऱ्यात जात नाही. चिमट्याने बोटातली कूस निघते आणि लेकाच्या ताटातल्या माशाचे बारीक काटेही निघतात, अर्थात मध्ये धुवून, लगेच कमेंट करू नका. करवत मला वाटलं होतं जन्मात लागणार नाही. पण दिवाळीत कंदील घरी करायचा असं लेकाच्या शाळेतून आलं आणि बांबूच्या कामट्या एकसारख्या लांबीच्या कापायला दुसरं काहीच नीट चालेना, सुरीने कामटी चिरते, फाटे फुटतात. करवतीने तिला आधी सगळ्या बाजूंनी गोल खाच पाडायची आणि मग पूर्ण कापायची, टोक स्वच्छ येतं. कंदील तिरका झाला तो भाग वेगळा, ते कागद चिकटवणाऱ्याचं, म्हणजे नवऱ्याचं, काम.

आता जखमेबद्दल सांगायला हवं. चाकूच्या मागच्या बाजूला जी आरी असते, चांभाराकडे असते तशी, ती माझी फार लाडकी. तिला भोक असतं, दोरा ओवून पोतं शिवता येतं, म्हणजे दाभणच झाली. चपलेच्या पट्ट्याला भोक पाडायचं, बेल्ट सैल झाला की एक भोक वाढवायचं, सगळं ती करते. तर नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एकच मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. तो डोळा शोधला की आरी लोण्यात गेल्यासारखी जाते आणि फोडायच्या आधी पाणी सगळं भांड्यात काढून घेता येतं. हे मी शंभर वेळा केलंय. एकदा श्रावणात घाईघाईत चुकीच्या डोळ्यावर जोर लावला, आत जाईना म्हणून तिरका दाब दिला, आणि आरी मिटली. या चाकूला लॉक नसतं, नुसती स्प्रिंग असते, हे मला माहिती होतं पण माझ्या बोटाला माहिती नव्हतं. दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. नारळ तसाच राहिला, सासूबाईंनी तो शांतपणे उंबऱ्यावर आपटून फोडला आणि म्हणाल्या, "असा फोडतात."

नवऱ्याला माझं हे वेड बघवेना, किंवा हेवा वाटला असेल, त्याने लेदरमन घेतला. पक्कडवाला. तो बनवणारा टिम लेदरमन १९७५ मध्ये जुनी फियाट घेऊन युरोपात फिरत होता, कुठे गाडी बिघडतेय, कुठे हॉटेलचा नळ गळतोय, आणि खिशात नुसता चाकू, मग त्याला वाटलं यात पक्कड हवी. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवाल्याला हे पटेल. नवरा ती पक्कड ट्रेकला सांडशी म्हणून वापरतो. हरिश्चंद्रगडावर चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवताना रुमालाने हात भाजण्यापेक्षा हे बरं, फक्त पातेलं अर्धंच भरायचं, नाहीतर पकड फिरते आणि चहा गडाला. पण पक्कडीचा खरा उपयोग मला विचाराल तर चेन. दप्तराची चेन ओढली की मागून दात उघडेच राहतात ना, तेव्हा दात खराब नसतात, रनर सैल झालेला असतो. रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने हलक्या दाबायच्या, आधी डावी मग उजवी, अगदी किंचित, जास्त दाबलं तर हलतच नाही. या एका गोष्टीमुळे आमच्याकडे तीन वर्षं तेच दप्तर चाललंय आणि लेक माझ्यावर कायमचा नाराज आहे.

एक लहान चाकू मी गमावलाही. किल्ल्यांना अडकवलेला, बोटाएवढा. विमानतळावर सिक्युरिटीला ताईंनी किल्ल्या उचलून विचारलं, "मॅडम, ये क्या है," मी म्हटलं नखं कापायचं आहे, त्यांनी पातं उघडून माझ्याकडे नुसतं बघितलं. चूक माझीच, असल्या वस्तू चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या असतात. बाजूचा ट्रे बघितला तर तसे आणखी चार-पाच होते.

तर गेल्या थर्टी फर्स्टला नवऱ्याचा मित्र नाशिकहून वाइनची बाटली घेऊन आला. सासूबाई नणंदेकडे गेलेल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षं! मी चाकू काढला, कॉर्कस्क्रू उघडला, त्याच्या वेढ्यात अडकलेला नाडीचा जुना धागा पुसून काढला, आणि मित्र म्हणाला, "वहिनी, याला बूच नाहीये, झाकण फिरवायचंय."

पण बाटली ज्या पिशवीत होती तिला दुकानदाराने गाठ मारलेली होती आणि ती कोणालाच सुटत नव्हती.