काठीवरची चिखलाची रेघ

जानेवारीतल्या पक्षीगणनेच्या आदल्या दिवशी सकाळी 7 वाजून 20 मिनिटांनी फोन आला. "साहेब, जाळ्यात पक्षी अडकलेत, लवकर या." फोन करणारा बाहेरगावाहून आलेला छायाचित्रकार होता. नंतर पंचनाम्यासाठी त्याचे फोटो घेतले तेव्हा पहिल्या फोटोवर वेळ दिसली 6:52. मधली 28 मिनिटं तो फोटो काढत होता. 6:52 च्या फोटोत एक वारकरी पक्षी मान वर धरून आहे, 7:10 च्या फोटोत त्याच पक्ष्याची मान पाण्यात आहे. मी त्याला ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. तो काही बोलला नाही. पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर लाखांच्या लेन्स घेऊन येणाऱ्यांतले बरेच जण चांगले असतात, पण त्या सकाळचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी नांदूर मध्यमेश्वरला वनरक्षक आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणी उथळ झालं, पाणकणीस माजलं आणि पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं, 2020 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत राज्यातलं पहिलं नाव आमचं लागलं. पण हे पाणी पक्ष्यांसाठी अडवलेलं नाही, शेतीसाठी अडवलेलं आहे. वरच्या धरणांतून सोडलं की चढतं, कालव्याला आवर्तन सुटलं की उतरतं. एका रात्रीत वीतभर उतरलेलं मी कितीदा पाहिलंय. बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही दिवसभर दुर्बीण लावून बसतो. खरं तर निफाड तालुक्यात खाकी दिसली की उसातल्या बिबट्याची तक्रार आधी येते, आणि पक्ष्यांकडे लक्ष द्यायला उरलेली सकाळ मिळते.

वनमजूर आणि मी गुडघाभर गाळातून जाळ्यापर्यंत गेलो. तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याचं जाळं, दोन काठ्यांना बांधलेलं, पाणकणसाच्या दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या वाटेवर आडवं. त्यात 14 वारकरी, एक जांभळी पाणकोंबडी आणि अडकलेल्यांवर झडप घालायला आलेला एक दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी. वारकऱ्यांपैकी 9 आणि पाणकोंबडी मेलेली.

जिवंत पक्षी सोडवताना घाई केली की पंख मोडतो. आधी डोक्यावर ओलं फडकं टाकायचं, अंधार झाला की तो शांत होतो. मग तो जाळ्यात कोणत्या बाजूने शिरला ते शोधायचं, कारण त्याच बाजूने तो बाहेर येतो. आधी पाय मोकळे, मग पंख, मान शेवटी. वारकऱ्याच्या पायाला बदकासारखा पडदा नसतो. प्रत्येक बोटाला सुट्या पाकळ्या असतात, आणि तंगूस नेमका त्या पाकळ्यांच्या खाचांत जाऊन बसतो. नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापावा लागतो. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे आपल्या लोकांनी त्याला वारकरी म्हटलं. एकाचा तो टिळा चिखलाने भरला होता, तो मी अंगठ्याने पुसला. त्याने माझं मनगट ओरबाडलं, तेव्हा हा जगेल असं वाटलं. पाचही पाण्याच्या कडेला सोडले, कारण वारकऱ्याला उडायला पाण्यावर लांब धावावं लागतं. भोवत्याला खोक्यात घालून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवला.

पक्षी झाल्यावर जाळं वाचायला घेतलं. हे काम मला येतं, आणि ते मी मन लावून करतो. मासे धरायच्या जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या असतात, त्याशिवाय जाळं पाण्यात ताठ उभं राहत नाही. इथे एकही गोळी नव्हती. वरचा दोर पाण्यापासून 31 सेंटिमीटर वर. एवढं वर जाळं मासे धरायला कोणी लावत नाही. आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, साडेचार इंचाची, त्यात मोठा मासाही धरला जातो आणि वारकऱ्याची मानही. खाली दोन चिलाप्या, म्हणजे तिलापिया मासे, अडकलेल्या होत्या.

तेवढ्यात काठावर एक म्हातारे बाबा पोतं घेऊन आले. आम्हाला पाहून पळाले नाहीत. "जाळं माझंच हाय साहेब. मासं धराया लावलं व्हतं. रातीतून पानी उतारलं, त्याला म्या काय करू?"

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. पण मी काठ्यांकडे पाहिलं. दोन्ही काठ्यांवर ओल्या चिखलाची रेघ होती, आत्ताच्या पाण्यापासून 24 सेंटिमीटर वर. म्हणजे संध्याकाळी वरचा दोर पाण्याच्या जेमतेम 7 सेंटिमीटर वर होता. आणि मेलेल्या 9 वारकऱ्यांपैकी 6 पाण्याखालच्या आसांत होते. वारकरी बुडी मारून पाणवनस्पती खातो, त्यामुळे माशांच्या जाळ्यातही तो असाच सापडतो.

मग गोळ्या? "जुन्या दोराला व्हत्या. दोर कुजला."

या दोन शक्यतांमध्ये माणसाचं आयुष्य आहे. अभयारण्यात पक्षी धरायला लावलेलं जाळं म्हणजे शिकार. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला किमान 3 वर्षं कैद आहे, 7 वर्षांपर्यंत वाढते, आणि तडजोड होत नाही. नुसती मासेमारी असली तरी गुन्हाच, पण शिक्षेला खालची मर्यादा नाही, दंडावरही निभावतं आणि वरिष्ठ अधिकारी तडजोड करू शकतात.

मी फूटपट्टी लावून रेघेचा फोटो काढत होतो तेव्हा आमचे वनपाल म्हणाले, "ती रेघ कशाला मोजतोस? नऊ वारकरी मेलेत, ते मोज." त्यांच्याइतकं हे पाणी ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही. अंधारात नुसत्या शिट्टीवरून ते अडई बदक ओळखतात. हातातून निसटलेल्या केसेसनी ते थकलेत. साक्षीदार फिरतो, मुद्देमाल कुजतो, आणि तोच माणूस पुढच्या हिवाळ्यात नवं जाळं घेऊन येतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी रेघ लिहिली. गोळ्या नसल्याचंही लिहिलं, चिलाप्याही लिहिल्या, 31 आणि 24 हे दोन्ही आकडे लिहिले. पंचांच्या सह्या झाल्या. मेलेले पक्षी तपासणीनंतर पंचांसमोर जाळले. गुन्हा शिकारीचा नोंदला गेला. बाबांना त्या दिवशी गाडीत बसवताना त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, गाडीत चिखल होईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी गणना झाली. त्याच पट्ट्यात वारकरी नेहमीसारखे शेकड्यांनी होते. मी मोजले, पण दोनदा आकडा चुकला आणि शेवटी वनमजुराला मोजायला लावलं.

चार दिवसांनी मुद्देमाल सील करताना जाळं उन्हात पसरलं, आणि घटनास्थळी मला न दिसलेली गोष्ट दिसली. जाळं जुनं, शेवाळाने हिरवं पडलेलं, पण खालचा दोर नवा कोरा, पांढरा. म्हणजे दोर खरोखरच बदललेला होता. आता हा नवा दोर बाबांची बाजू मांडतो की त्यांच्या विरुद्ध बोलतो? दोर कुजला, नवा ओवला, गोळ्या चढवायच्या राहिल्या, असं असेल. किंवा पक्ष्यांसाठी हलकं जाळं हवं म्हणून मुद्दाम बिनगोळ्यांचा दोर ओवला, तसंही असेल. जाळं ओळखता येतं म्हणणारा मी, खालचा दोर हातात धरून गोळ्या शोधल्या आणि दोराचा रंग पाहिला नाही. पाण्यात तो चिखलाने माखलेला होता हे खरं, पण मी तो धुऊन पाहायला हवा होता.

मी पुरवणी टिपण लिहून फोटोंसह साहेबांकडे दिलं. वनपालांनी ते वाचलं, एवढंच म्हणाले, "दिलंस ते बरं केलंस. पण याने बाबा सुटतीलच असं धरून चालू नकोस." भोवत्या अकराव्या दिवशी सोडला, तो नीट उडाला. बाबा जामिनावर आहेत, तारखा पडताहेत. साक्षीला मला बोलावतील तेव्हा दोर, गोळ्या आणि रेघ, तिन्ही सांगायचं आहे. काठ्या मुद्देमालाच्या खोलीत उभ्या आहेत. पहिल्या काठीवरचा चिखल वाळून गळायला लागला होता, म्हणून रेघेच्या वर-खाली पॉलिथिन गुंडाळून ती पुन्हा सील करून घेतली आहे.