रिकामी जागा मोजणारा सिग्नल

आमच्या घराजवळच्या चौकात नवे सिग्नल बसले आणि सेकंद उलटे मोजणारा टायमर गेला. इंजिन कधी बंद करायचे आणि गिअर कधी टाकायचा हे आता कळत नाही, ही सोसायटीतल्या बहुतेकांची तक्रार रास्तच आहे. मात्र गर्दी पाहून हिरवा दिवा लांबवणाऱ्या किंवा आटोपता घेणाऱ्या यंत्रणेलाही तो नेमका कधी संपणार हे फार आधी ठाऊक नसते, मग ती आकडा दाखवणार तरी कुठून?

त्या निमित्ताने वाचत गेलो, तेव्हा सिडनीच्या ‘स्कॅट्स’ या सिग्नल-यंत्रणेने मला खिळवून ठेवले. न्यू साउथ वेल्सच्या रस्ते खात्याने १९७०च्या दशकात ती विकसित केली. पुढे ती मेलबर्न, डब्लिन, सिंगापूर अशा अनेक शहरांत पोहोचली. थांबारेषेपाशी प्रत्येक लेनमध्ये डांबराखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते आणि वर गाडी आली की ते त्याला कळते. यंत्रणा गाड्या मोजत असणार, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिचा मुख्य हिशेब दोन गाड्यांमधल्या रिकाम्या वेळाचा आहे. रांग दाटीने सुटत असतानाही दोन गाड्यांत थोडे अंतर राहतेच. तेवढे सोडून जो हिरवा वेळ कुणीच वापरला नाही, तो वाया गेला असे ती मानते, आणि ज्या बाजूला तो अधिक वाया जातो तिथला वेळ काढून पुढच्या फेऱ्यांत (सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळाला की एक फेरी) गरजू बाजूला देते.

हा झाला एका चौकाचा व्यवहार. ३०० मीटरवर दुसरा चौक असेल आणि गाड्या ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, येत असतील, तर त्यांना पुन्हा थांबावे लागू नये म्हणून तिथला हिरवा दिवा ३० सेकंद उशिरा लागायला हवा. उलट दिशेने येणाऱ्यांनाही हाच लाभ द्यायचा, तर पूर्ण फेरी ६० सेकंदांची लागते. फेरी १२० सेकंदांची केली, तर एका दिशेला सलग हिरवा मिळत जातो आणि दुसऱ्या दिशेचे लोक प्रत्येक चौकात शिव्या घालत थांबतात. म्हणूनच अशा यंत्रणा सकाळी शहरात शिरणाऱ्यांची बाजू घेतात आणि संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांची.

आमच्या चौकात मात्र हे गणित अडखळते. एका संध्याकाळी मी घड्याळ लावून पानटपरीपाशी उभा राहिलो. हिरवा लागताच पहिल्या पाच-सहा सेकंदांत थांबारेषेच्याही पुढे येऊन थांबलेल्या दुचाकींचा घोळका सुटला, मग रिक्षा आणि मोटारी एकमेकींच्या फटींतून निघाल्या. लेन अशी नव्हतीच, त्यामुळे दोन वाहनांमधले अंतर कुठे मोजायचे हाच प्रश्न होता. आपल्याकडे वेटोळ्यांऐवजी खांबावर कॅमेरे बसवतात (रस्ता खोदला तरी ते शाबूत राहतात), पण त्यांनाही या घोळक्याचा अर्थ लावावाच लागतो. त्याहून वाईट म्हणजे पुढचा रस्ता तुंबला की गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. रिकामी जागा दिसली नाही म्हणजे हिरवा पुरेपूर वापरला गेला असे मानणारी यंत्रणा तेव्हा त्याच बाजूला आणखी वेळ देऊ शकते, कारण गच्च वाहणारा रस्ता आणि गच्च थांबलेला रस्ता या हिशेबात सारखेच दिसतात. या फसगतीवर पुढच्या रस्त्यावरही नजर ठेवणे हा उपाय आहे. ब्रिटनची ‘स्कूट’ यंत्रणा गाड्यांची नोंद थांबारेषेपाशी न करता बरीच आधी, बहुधा मागच्या चौकातून त्या बाहेर पडताच घेते, त्यामुळे रांग तिथवर पोहोचल्याचे तिला कळते.

पायी चालणारे यांतल्या कुठल्याच वेटोळ्याला दिसत नाहीत. सिडनीत त्यांच्यासाठी खांबावर बटण असते. आमच्या चौकात ते नाही. सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा वेग धरला, तर आमचा १८ मीटर रुंदीचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडून व्हायला हवा. परवा आईबरोबर ओलांडताना मी मनात मोजत होतो. आम्हाला २२ लागले, आणि शेवटचे सात सेकंद आम्ही दुचाकींच्या घोळक्यात होतो.