झडीतला चिखलदरा–सेमाडोह: गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल कुठे चालू ठेवायचं, कुठे बंद करायचं

अमरावतीहून परतवाडा, तिथून धामणगाव गढीवरून चिखलदरा, मग घटांगला उतरून सेमाडोह, हरिसालपर्यंत, आणि येताना परतवाड्याजवळ साळेबुवांच्या वावरात चक्कर, असा आमचा रूट होता आणि जवळजवळ पूर्ण वेळ झड लागलेली. धबधबे, धुकं, भीमकुंड याचे फोटो सगळेच टाकतात म्हणून ते सोडतो. मी गाडीबद्दल लिहून राहिलो, कारण या रस्त्यावर डॅशबोर्डवरचा तो घसरत्या गाडीचा पिवळा दिवा इतक्या वेळा लागतो की बरेच जण घाबरून शेजारचं ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक जागीच गरगरू लागलं तर त्याला आवरणारी यंत्रणा) बटणच दाबून ते बंद करून टाकतात, आणि तेही नेमकं चुकीच्या जागी.

पहिला टप्पा सपाट आहे. वलगाव, आसेगाव करत पूर्णा ओलांडायची, पन्नासेक किलोमीटर, काही त्रास नाही. फक्त रस्त्यावर पाणी साचलेल्या पट्ट्यात ऐंशी-नव्वदनं घुसू नका, तिथे टायर डांबर सोडून पाण्यावर तरंगतो आणि तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक लावून कोणताही कॉम्प्युटर काही करू शकत नाही. क्रूझ कंट्रोल पण पावसात नको. अमरावती सोडायच्या आधी गिला वडा खाऊन घ्या, आणि परतवाड्यात पेट्रोल फुल करून चारही टायरची हवा पाहून घ्या, स्टेपनीची पण, वर जाऊन शोधाशोध करण्यापेक्षा ते बरं.

घाट चढताना विशेष काही होत नाही. पुढे मक्याची कणसं पाहून कोणी अचानक थांबलं तर चढावर परत उचलताना हिल होल्ड कामी येतं, ब्रेकवरून पाय काढल्यावर ते साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतं. हे पण स्टॅबिलिटी कंट्रोलच्याच (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, ट्रॅक्शन कंट्रोल तिच्याच जोडीचं) सामानावर चालतं, वेगळं काही बसवलेलं नसतं. पण दोनच सेकंद हं, गप्पा मारायला वेळ नाही.

खरी मजा उतारावर. चिखलदऱ्याहून घटांगकडे येताना एक डावं वळण लागलं, वेग पस्तीस-चाळीस म्हणजे काही वेडा नाही, पण वरून वाहून आलेला मुरूम आणि सागाचा ओला पाला बरोबर वळणाच्या पोटात पसरलेला. स्टिअरिंग वळवलं, गाडीचं नाक मात्र सरळच चाललं, म्हणजे उजवीकडच्या लेनमध्ये. तेवढ्यात पिवळा दिवा टुकटुक चमकला, बॉनेटखालून खर्रर्र असा आवाज आला, इंजिन आपोआप दबलं, मागचं डावं चाक कोणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं आणि नाक गपकन वळणात आलं. सगळं मिळून एक सेकंद. बायको म्हणे, "अहो, हा आवाज काहून आला? काही तुटलं का?" काही तुटलं नव्हतं, तो स्टॅबिलिटी कंट्रोलनं चालवलेला ब्रेकचा पंप होता.

झालं असं की गाडीच्या चारही चाकांपाशी वेग मोजणारे सेन्सर असतात, ते एबीएसचेच (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). त्याच्या जोडीला एक सेन्सर स्टिअरिंग किती वळवलं ते पाहतो, एक गाडी स्वतःभोवती किती फिरून राहिली ते मोजतो आणि एक गाडी आडवी किती ढकलली जातेय ते. कॉम्प्युटर मग दोनच गोष्टी जुळवून पाहतो, ड्रायव्हरला जायचं कुठे आहे आणि गाडी चालली कुठे. ही सिस्टीम बनवणाऱ्या बॉश कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ही जुळवणी सेकंदाला २५ वेळा होते. जुळलं नाही की तो एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावतो, जे तुम्ही-आम्ही पायानं करूच शकत नाही कारण आपल्याला पेडल एकच दिलंय. पुढची चाकं सटकून गाडी सरळ चालली असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरतो, मागचा भाग बाहेर फेकल्या जात असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं. आणि वरून इंजिनची ताकद कमी करतो. तेव्हा दिवा चमकला याचा अर्थ सिस्टीम काम करून राहिली, बिघडली नाही. पण दुसरा अर्थ पण घ्या की आत्ता टायरची पकड संपली होती, पुढच्या वळणावर तुम्ही हळू या. ही सिस्टीम नवीन पकड तयार करत नाही, आहे तेवढीच नीट वाटून देते, टायर गोटा झाला असेल तर वाटायला आहेच काय.

उतारावर सेकंड गिअर ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड नाहीतर एल. पूर्ण घाट ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात, आणि ही सगळी यंत्रणा ब्रेकच्याच जिवावर आहे हे ध्यानात असू द्या.

घटांगच्या पुढे सेमाडोहचा रस्ता जंगलातला. इथे मोबाईलला रेंज येते-जाते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. संध्याकाळी गुरं डांबरावर येऊन बसतात, आजूबाजूला ओल असते तर तीही काय करणार. शिवाय सांबर, रानगवा कधी आडवा येईल सांगता येत नाही. स्टॅबिलिटी कंट्रोल लोकांना माहीत झालं ते अशाच एका जनावरापायी. बॉश आणि मर्सिडीजनं हे १९९५ ला एस-क्लासमध्ये आणलं, म्हणजे पैसेवाल्यांच्या गाडीत, आपल्याला काय घेणंदेणं. मग १९९७ ला स्वीडनमध्ये एका मासिकाच्या टेस्टमध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. टेस्ट काय, तर समोर अचानक मूस आला, म्हणजे तिकडचं मोठं सांबरच समजा, तर झटकन बाजूला काढायची आणि लगेच परत आपल्या लेनमध्ये आणायची. त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत हे स्टँडर्डच देऊन टाकलं. सेमाडोहच्या रस्त्यावर म्हैस चुकवताना आपण जे करतो ते अगदी हेच असतं, आणि गाडी पलटते ती बहुतेक परत आणताना. त्यामुळे या पट्ट्यात ते बटण दाबायचं कामच नाही. तसं पहिले ब्रेक, मग स्टिअरिंग, आणि साठच्या आत चाला, हे कोणत्याही सिस्टीमपेक्षा भारी.

आता बटण कुठे दाबायचं ते. येताना साळेबुवांच्या वावराकडे पांदण रस्त्यानं घुसलो. दोन्हीकडे सोयाबीन आणि पऱ्हाटी, मधोमध मुरमाची पट्टी, कडेला काळी भारी जमीन. समोरून बैलबंडी आली, तिला जागा द्यायला डावीकडे घेतली आणि डावं पुढचं चाक काळ्या मातीत बसलं. आमची गाडी दिसायला एसयूव्ही, पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना, आजकाल बहुतेक छोट्या एसयूव्ही अशाच असतात, उंची पाहून फसू नका. रेस दिली तर दिवा टुकटुक, खर्रर्र आवाज, गाडी टीचभर हालली आणि इंजिनचा दम गेला. साळेबुवा खिडकीपाशी येऊन म्हणतात, "भाऊजी, रेस देऊन राह्यले का बंद करून राह्यले?"

साळेबुवांचे शेजारी ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांनी खाली वाकून चाक पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या गाडीले डावा-उजवा ब्रेक अलग नाही का?" माणसानं कारचं मॅन्युअल कधी पाहिलं नसेल, पण मुद्द्यावर बरोबर बोट ठेवलं. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक. डावं चाक चिखलात नुसतं गरागरा फिरत असेल तर तेवढंच दाबायचं, म्हणजे डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) जी ताकद त्या बाजूनं वाया जात होती ती कोरड्यावरच्या चाकाला मिळते. तरी नाही निघालं तर टाचेखालचं डिफरन्शियल लॉकचं पेडल, त्यानं दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, पण ते फक्त सरळ जाताना. आणि डांबरी रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक खटक्यानं एकत्र जोडून घ्यायचे, नाहीतर वेगात एकाच बाजूला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो. तर कारमधलं ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे हा डावा-उजवा ब्रेकच, फक्त पायाऐवजी कॉम्प्युटर दाबतो. फरक एवढाच की कॉम्प्युटर सोबत इंजिनची ताकद पण कापतो, कारण त्याला ओल्या डांबरावर गाडी सांभाळायची सवय. चिखलात चाक थोडं फिरायलाच पाहिजे, फिरेल तेव्हाच माती झटकल्या जाईल.

म्हणून माझं असं मत झालंय. एकच चाक फसलं असेल आणि दुसरं कडक जागेवर असेल तर पहिले सिस्टीम चालूच ठेवा आणि रेस एकसारखी धरून ठेवा, दिवा पाहून पाय काढू नका, ब्रेक त्या फिरणाऱ्या चाकाला अडवतो आणि दुसरं ओढू लागतं. पण हा प्रकार मिनिटभर चालवू नका, ब्रेक तापला की सिस्टीम स्वतःच काही वेळ बाजूला होते. ओढणारी दोन्ही चाकं चिखलात असतील, किंवा नदीच्या रेतीत असाल, किंवा पांदणीत मोशन तुटू द्यायचं नसेल, तर बटण दाबून बंद करा, स्टिअरिंग सरळ, सेकंड गिअर, हलकी रेस, आणि पुढे जमत नसेल तर ज्या चाकोरीनं आलात तिनंच रिव्हर्स. चाकाखाली गिट्टी, पोतं, वाळलेल्या पऱ्हाट्या, जे मिळेल ते घाला, आणि त्यावेळी मागे कोणाला उभं राहू देऊ नका. काळी माती ओली असताना टायरच्या खाचा भरून चाकाचा नुसता गोळा होतो, मग चालू काय न बंद काय, ट्रॅक्टरच बोलवा. आम्हाला शेवटी ट्रॅक्टरनंच काढलं.

बटणाचं एक समजून घ्या, प्रत्येक गाडीत वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन बंद होतं, स्टॅबिलिटी चालू राहते, आणि तीनेक सेकंद दाबून धरलं की दोन्ही. काहींत वेग वाढला की आपोआप परत चालू होतं. गाडी बंद करून चालू केली की मात्र साधारण सगळ्यांतच सिस्टीम परत येते, त्यामुळे डांबरावर लागलात आणि खात्री नसेल तर तेवढं करून घ्या. ऑफ लिहिलेला दिवा जळत ठेवून घाट उतरू नका म्हणजे नकाच.

परतवाड्याकडे निघालो तर आमचा दिवा आता चमकत नव्हता, सरळ जळून राहिला होता, सोबत एबीएसचा पण. हा प्रकार वेगळा, याचा अर्थ सिस्टीम कामावर नाही. साधे ब्रेक लागतात, पण घसरल्यावर मदतीला कोणी येणार नाही, म्हणून हळू चालवली. वॉशिंगवर चारही चाकांची आतली बाजू प्रेशरनं धुवून घेतली, सेन्सरच्या तोंडाशी मातीचा गोळा बसला होता, तो निघाल्यावर थोडं चालवलं आणि दिवे गेले. नाही गेले असते तर स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा सेन्सर ते पाहावं लागलं असतं. असाच दिवा बॅटरी काढून बसवल्यावर, अलाइनमेंटनंतर किंवा एका चाकाला वेगळ्या साइजचा टायर लावल्यावर पण लागू शकतो. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी लहान साइजची असते, ती लावली की एक चाक जास्त फिरतं आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडी घसरली. टायर बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही सोबत बदला, एक नवा एक जुना असं करून पैसे वाचवू नका.

गाडी घेणाऱ्यांसाठी, एबीएस एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये सक्तीचं आहे, पण एबीएस आहे म्हणजे ईएससी, म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल, आहे असं नाही. शोरूमवाला मान डोलावून "सगळं आहे सर" म्हणेल, तुम्ही त्या व्हेरिएंटच्या कागदावर ईएसपी, ईएससी, व्हीएससी, व्हीएसए, डीएससी यातलं काही लिहिलंय का ते पाहा, कंपनीप्रमाणे नावं वेगळी, काम एकच. माझ्या मते सनरूफ सोडा आणि हे घ्या.

शेवटचं, टो हुक, म्हणजे गाडी ओढायला दोर बांधायचा हुक. तो टूलकिटमध्ये सुटा असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पेचानं बसवायचा असतो, घरीच एकदा बसवून पाहा, सेकंडहँड गाडीत बरेचदा गायब असतो. नसला की ट्रॅक्टरवाला सस्पेन्शनच्या आर्मला दोर बांधतो आणि मग तिथून अलाइनमेंट आणि बाकी खर्च सुरू होतो. दोर ताणला गेल्यावरच हळू ओढायला सांगा, झटका मारू देऊ नका, आणि पोरांना दोरापासून लांब उभं करा.