सलायनाला एरोबॅटिक्स बघायला जाताय? मग छोटी इंजिनं चुकवू नका

अमेरिकेची राष्ट्रीय एरोबॅटिक, म्हणजे विमानांच्या हवाई कसरतींची, स्पर्धा गेली काही वर्षं सप्टेंबरच्या सुमारास कॅन्ससमधल्या सलायनाला भरते. कॅन्सस सिटीहून आय-७० ने गाडीनं तीनेक तास. वाटेत शेतं आणि आभाळ, बाकी काही नाही. विमानतळ म्हणजे हवाई दलाचा जुना तळ. २००५ साली साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट विमानातून एकट्यानं, कुठंही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तो इथूनच.

गर्दीचं लक्ष ३०० अश्वशक्तीच्या एक्स्ट्रा या ताकदवान कसरती विमानांकडे असतं. माझं मत विचाराल तर स्पोर्ट्समन हा खालच्या पायरीवरचा गट आधी बघा. त्यात १८० अश्वशक्तीची सुपर डिकॅथलॉन ही छोटी विमानं असतात, कधी त्याहून अशक्त सिटाब्रियाही. अशा विमानांतून चांगलं उडणाऱ्यांसाठी आयएसी (इंटरनॅशनल एरोबॅटिक क्लब) ही संघटना ग्रासरूट्स पदक देते. मला ते फार रास्त वाटतं. या विमानांत उंची म्हणजे खिशातले पैसे: प्रत्येक कसरतीला थोडे सुटतात. स्पोर्ट्समनमध्ये १,५०० फुटांखाली जायचं नाही, आणि कसरती मध्येच थांबवून पुन्हा वर चढलात तर दंडाचे गुण बसतात.

मी रेकॉर्डर, म्हणजे गुण लिहून घेणारी, म्हणून पंचांच्या शेजारी बसले होते. एका डिकॅथलॉननं पंख तीनदा हलवून सुरुवात केली, नाक खाली घालून वेग घेतला आणि हॅमरहेडसाठी (सरळ वर चढून, माथ्यावर बाजूला वळून सरळ खाली यायची कसरत) सरळ वर गेली. उभी रेघ जेमतेम, पण सरळ! रेघेच्या लांबीला गुण नाहीत. दहापैकी गुण द्यायचे आणि दर पाच अंशांच्या चुकीला एक कापायचा. पुढचा लूप, म्हणजे हवेतलं उभं वर्तुळ, मात्र माथ्यावर चिमटला, गोल राहिला नाही. पंच वर बघत भराभर आकडे सांगतात, आपण खाली मान घालून लिहायचं. म्हणजे निम्मी कसरत बघायची राहून जाते, पण कुठं काय बिघडलं ते कळतं.

तुम्हालाही हे जमेल. स्पर्धा स्वयंसेवकांवरच चालते, तेव्हा आधी ईमेल करून नाव द्या. अनुभव नसला तरी शिकवतात. निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा तपासा. वारा भन्नाट असतो. कागदांना क्लिप आणि टोपीला बंद हवाच. सावली फारशी नाही, पाणी भरपूर घ्या. दुर्बीण आणा, पण छोटी. जड दुर्बिणीनं मान धरते. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर असू द्या, धावपट्टीशेजारी बर्गरपलीकडे काही मिळेल या भरवशावर राहू नका.