अकरा रात्री, नऊ शहरं

जेवण उरकून जरा पाठ टेकावी म्हणत होते, तेवढ्यात आत्या आली. हातात गेल्या वर्षीची डायरी. मागच्या कोऱ्या पानावर निळ्या पेनने एकाखाली एक नावं लिहिलेली: पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, रोम. पॅरिस आणि रोमसमोर दोन, बाकी सात जणांसमोर एक-एक. खाली रेघ मारून बेरीज: अकरा रात्री.

"बघ गं, बसतंय का," ती म्हणाली. बॅगेत साड्या बसवायच्या असतात त्या सुरात.

"आत्या, तीन."

"तीन काय?"

"शहरं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातलं काढून घेत होते. "तीन शहरांसाठी एवढं तिकीट काढायचं? मग घरीच बसते की."

मी पेन्सिल घेतली आणि हिशोब मांडायला बसले. ह्या बाबतीत मला शिकवायची भारी हौस आहे. हॉटेल अकराला बाहेर काढतं, पुढच्या गावचं तीनशिवाय आत घेत नाही. मधले चार तास आपण बॅगेचे हमाल. शहर बदललं की अर्धा दिवस गेलाच, गाडी दीड तासाची असली तरी. पॅरिसहून ब्रुसेल्स दीड तासाच्या आत येतं, हे खरंच. पण आवरणं, खोलीत काही राहिलं का म्हणून पलंगाखाली वाकून बघणं, स्टेशन गाठणं, फलाटाचा आकडा पडद्यावर उमटेपर्यंत वर बघत उभं राहणं, आणि उतरल्यावर हॉटेलच्या उलट दिशेला दहा मिनिटं चालणं, हे त्या दीड तासात कोणी धरत नाही. नऊ शहरं म्हणजे आठ वेळा हे सगळं. आठ अर्धे म्हणजे चार दिवस. अकरातले चार गाडीत आणि जिन्यांवर. बुडापेस्टहून व्हेनिस तर रेल्वेने अख्खा दिवस खातं, ते अजून मी धरलेलंच नव्हतं.

आत्या ऐकत होती. ऐकत होती म्हणजे पंख्याकडे बघत होती.

मग मी वारांवर आले. पॅरिसच्या दोन दिवसांत नेमके सोमवार-मंगळवार आले, तर तिथल्या संग्रहालयांपैकी ओर्से सोमवारी बंद आणि लूव्र मंगळवारी. रोमला रविवार आला, तर महिन्यातला शेवटचा रविवार सोडून व्हॅटिकनची संग्रहालयं बंद. एकेका शहराला एकेकच दिवस दिला की तो वार कुठला येतो, ही सगळी लॉटरी.

आणि व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम मला फार आवडतो, कारण तो तुमच्या मनातलं नाही, मुक्काम विचारतो. जिथे सगळ्यात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असले, तर जिथे पहिलं पाऊल टाकाल त्याच्याकडे. आत्याच्या यादीत व्हेनिसची एक आणि रोमच्या दोन मिळून इटलीच्या तीन रात्री होत होत्या, फ्रान्सच्या दोन. म्हणजे अर्ज इटलीकडे. आत्याचा जीव मात्र पॅरिसमध्ये.

"मग व्हेनिस काढ," ती म्हणाली. आणि लगेच, "नको, राहू दे."

हे असंच होतं. यादी करणाऱ्याला एकही नाव काढता येत नाही, कारण प्रत्येक नाव कुठून तरी आलेलं असतं. माझ्याकडे ती नावं आली तिकिटांच्या वहीतून. शाळेत असताना पोस्टाची तिकिटं जमवायचं वेड होतं. पाकिटाचा कोपरा कापायचा, बशीत कोमट पाण्यात टाकायचा, डिंक सुटला की तिकीट आपसूक तरंगत बाजूला व्हायचं. मग ते वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं आणि त्याच्यावर फुंकरही मारायची नाही, उडेल म्हणून. वहीत एका देशाला एक पान. तिकीट सुंदर आहे की नाही याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं, प्रश्न एकच: "तुझे किती देश झाले?" 'माग्यार पोस्टा' म्हणजे हंगेरी आणि 'सुओमी' म्हणजे फिनलंड, हे ज्याला माहीत तो विद्वान.

माझ्याकडे 'हेल्व्हेशिया'ची बरीच तिकिटं होती. डोंगर, गाई, फुलं. त्याचं पान गच्च भरलेलं. आणि दोन पानं सोडून मी मोठ्या अक्षरात 'स्वित्झर्लंड' लिहून ठेवलं होतं. ते पान कोरं. स्वित्झर्लंडचं तिकीट काही केल्या मिळेना. शेजारच्या मुलाला मी तीन हंगेरी देऊ केले, तरी तो म्हणाला माझ्याकडेही नाही. शेवटी एका दुपारी बाबांनी नकाशा उघडून सांगितलं की हेल्व्हेशिया म्हणजेच स्वित्झर्लंड. तिथे भाषा चार, कुठल्या एकीत नाव छापायचं म्हणून सगळ्यांना चालेल असं लॅटिन नाव छापतात. मला आनंद व्हायला हवा होता. मी रडले. एक देश कमी झाला.

तर मोजायची खोड जुनीच. आणि मोजायचं म्हटलं की नियम आले. माझा नियम असा की नुसतं विमान बदललं ते शहर धरायचं नाही. फ्रँकफर्टच्या विमानतळावर दोन तास बसून 'जर्मनी केलं' म्हणणारे लोक मला माहीत आहेत. (हे 'केलं'ही गमतीचंच. फोन केला, अभ्यास केला, रोम केलं.) शहर धरायचं तर निदान तिथल्या रस्त्यावर चुकलेलं असावं. झोपायची अट मी ठेवलेली नाही. ती मी स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हासाठी सोडली, कारण तिथे मी फक्त चार तास होते.

माझी स्वतःची सहल तेरा रात्रींची होती आणि त्यात सात शहरं होती. आत्याला ही गोष्ट मी सांगत नव्हते.

प्रागहून आम्ही पहाटे निघालो, सहा-साडेसहाची वेळ. तिथल्या जुन्या भागात रस्त्याला लहान लहान दगडी चौकोन बसवलेत, पायांना छान, चाकांना काळ. गल्ली गाढ झोपलेली आणि माझी बॅग खडखडखड करत निघालेली. वरची एक खिडकी उघडली, एका बाईने खाली पाहिलं, काही बोलली नाही, खिडकी लावून घेतली. त्या न बोलण्याची लाज मला अजून वाटते. पुढच्या वळणावर बॅगेचं एक चाक निखळलं आणि घरंगळत गटाराच्या जाळीवर जाऊन थांबलं. ते उचलून मी खिशात घातलं. कशासाठी, कोण जाणे. कोरुनाची, म्हणजे तिथल्या चलनाची, उरलेली नाणी असतात त्या डबीत ते अजून आहे. नाणी कोणी बदलून देत नाही आणि चाक कशाला बसत नाही.

आदल्या दिवशी तिथलं ते खगोलीय घड्याळ पाहिलं होतं, 1410 सालचं. तास भरायला पाच मिनिटं होती. चौकात माणसांचा हा गठ्ठा, सगळ्यांचे हात वर, हातांत फोन. ठोका पडला. घड्याळावरच्या सांगाड्याच्या पुतळ्याने दोरी ओढली, वरच्या दोन खिडक्यांमागून येशूचे बारा प्रेषित एकामागून एक डोकावून गेले, कोंबडा आरवला. संपलं. मिनिटभरही झालं नसेल. शेजारचा एक माणूस बायकोला म्हणाला असावा, "एवढंच?" भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. सगळे हात एकदम खाली आले. मीही निघाले, पुढे किल्ला होता यादीत.

मग व्हिएन्ना. तिथे मी डॅन्यूब शोधत होते. शहराच्या मध्यातून वाहते ती नदी नव्हे, कालवा. खरा प्रवाह जरा बाजूला, सरळ करून ठेवलेला. डॅन्यूब अगदी घरात शिरल्यासारखी बघायची तर बुडापेस्ट. तिथे ती मधून जाते म्हणून तर बुडा एका काठावर आणि पेस्ट दुसऱ्या, 1873 साली एक झालेली. हे मला तिथल्या एका फलकावर कळलं, आणि बुडापेस्ट यादीत नव्हतं. गाडीने अडीच-पावणेतीन तास. मनात आलंच, की इतकं जवळ आहे तर. सहलीतलं सगळ्यात खर्चिक वाक्य हेच. त्याऐवजी आम्ही ब्रातिस्लाव्हाला गेलो, तासाभरावर. पाऊस होता. डोंगरावर उलटं ठेवलेल्या टेबलासारखा किल्ला, रस्त्यात गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बसलेला ब्रॉन्झचा माणूस. एका आडोशाला उभं राहून आम्ही त्याच्या टोपीवरून पाणी ओघळताना बघत होतो. बाकी तिथे काही केलं नाही.

आणि व्हेनिस. सान्ता लुचिया स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर रिक्षा-टॅक्सी असायला हवी तिथे पाणीच. पायऱ्या उतरायच्या आणि थेट कालवा. इतक्या वेळा चित्रात पाहिलेलं, तरी मी बॅग तशीच धरून उभी राहिले, तीन चाकांची, एका बाजूला कललेली. मागून लोक धक्के देत होते. तिथे आम्ही एकच रात्र होतो.

"काय झालं?" आत्या म्हणाली. माझी पेन्सिल ब्रुसेल्सवर आडवी मारून झाली होती, बर्लिनवर झाली होती, आता बुडापेस्टवर टेकवून मी गप्प बसले होते.

"काही नाही. दर शहरी निदान तीन रात्री तरी धर आत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता विचारावा लागत नाही, त्यात खरी मजा असते. उरलेलं पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी?"

तिने ते हसत म्हटलं. चष्मा काढून पदराला पुसला. "अगं, ह्यांचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा वाट बघतोय. विम्याचा माणूस वय विचारून दोनदा आकडा वाढवतो. तू जाशील गं परत. तुला काय, तीन शहरं."

मला काही सुचलं नाही. हे माझ्या हिशोबात नव्हतंच. अर्ध्या दिवसांची बेरीज केली, वार पाहिले, रात्री मोजल्या, आणि सगळ्याच्या तळाशी 'पुन्हा येऊ' हे धरूनच चालले होते.

"बरं, ते सोड," आत्या म्हणाली. "तुझी सात होती ना तेव्हा? तुझ्या आईने सांगितलंय मला. त्यातलं कुठलं नसतं तर चाललं असतं?"

मी मनात एकेक नाव घेतलं. प्रागशी आले, ते चाक. ॲमस्टरडॅमला सर्दीने डोकं वर काढता आलं नव्हतं, तरी ते नाही. निदान ब्रातिस्लाव्हा? चार तास, पाऊस, ती टोपी. ओठांवर आलं होतं, पण म्हणवेना.

"सांग की."

"थांब, विचार करतेय."

आत्याने बराच वेळ वाट पाहिली. मग माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, मागच्या रबराने ब्रुसेल्सवरची रेघ पुसली, पुसताना नावही फिकट झालं म्हणून ते पुन्हा गिरवलं, आणि म्हणाली, "चहा टाकतेस का?"